दुसऱ्याची बाजू

ताईंच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या असत. एखाददुसरी नव्हे, चांगली रांगच. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर गावाचं नाव आणि खाली एकच शब्द: गोड, कडक, लोखंडी, मचूळ. ऑफिसात कुणी भेटायला आलं की ताई विचारायच्या, "कुठलं पाणी घेता?" नवा माणूस गोंधळून म्हणायचा, "साधंच द्या." त्यावर ताईंचं ठरलेलं उत्तर होतं, "साधं पाणी कोणत्याच गावात नसते जी." आणि मग त्याला लोखंडीच पाजायच्या. पिणारा तोंड वाकडं करायचा, ताई खूश व्हायच्या आणि तो माणूस पुढच्या खेपेला येताना स्वतःच्या गावची बाटली घेऊन यायचा.

त्या टेबलासमोर मी सहा वर्षं बसलो. आधीच सांगून टाकतो, त्या सहा वर्षांतला एकही आठवडा असा गेला नाही की ज्यात मला या बाईंचा हेवा वाटला नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायला मी काही फार योग्य माणूस नाही. पण ऑफिसातले बाकीचे सगळे त्यांचे भक्त होते. त्यांनी लिहिलं असतं तर आरतीच झाली असती.

आमची कंपनी लहान. जबलपूरच्या चेरीतालला एका दातांच्या दवाखान्याच्या वर तीन खोल्या आणि आम्ही सात माणसं. दिवसभर खालून दात कोरण्याचा आवाज यायचा आणि वर आम्ही नळयोजनांचे नकाशे करायचो. कागदावरचे नाही, कॉम्प्युटरवरचे. जिल्ह्यातल्या गावांचे पाइप, टाक्या, व्हॉल्व्ह, नळ, असं सगळं एका मोठ्या डेटाबेसमध्ये ठेवलेलं. त्याला आम्ही मूळ नकाशा म्हणायचो. या मूळ नकाशाला थेट हात लावायचा नाही, हा पहिला नियम. नवं काम आलं की त्या कामापुरती त्याची वेगळी प्रत निघायची. तिला व्हर्जन म्हणायचं. त्या व्हर्जनमध्ये काय मोडतोड करायची ती करा, मूळ शाबूत राहतं. मग ते व्हर्जन एकेक पायरी चढायचं: सर्वे, डिझाइन, तपासणी, आणि शेवटी मंजुरी. प्रत्येक पायरीवर त्या त्या माणसाने आपलं नाव टाकून ते पुढे ढकलायचं, नाहीतर शेरा मारून मागे धाडायचं. मंजुरीचं बटण दाबलं की व्हर्जन मुळात मिसळायचं आणि मूळ नकाशा बदलायचा. त्या नकाशावरून मग ठेकेदार खड्डे खणायला लागायचे.

ही सगळी पायऱ्यांची रचना मी बसवली होती. मी येण्याआधी तिथे एकाच फाइलवर चौघं जण काम करायचे आणि संध्याकाळी कुणाचं काम कुणी पुसलं यावरून भांडायचे. मी तीन महिने खपून त्यांना ही शिस्त लावली. त्यामुळे शेवटचं बटण, मंजुरीचं बटण, माझ्याकडेच येणार हे मी गृहीत धरलं होतं. घरी सांगूनही टाकलं होतं.

आमचे साहेब जबलपूरचेच, हिंदी बोलणारे, फार गोड माणूस. त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "देखिए, आपने सिस्टम बहुत बढ़िया बनाया. अब बटन दीदी दबाएँगी."

दीदी म्हणजे ताईच. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मला त्या ताई. शिक्षण म्हणाल तर आयटीआयमधला नकाशे काढण्याचा कोर्स. तरुणपणी त्या ट्रेसिंगच्या कागदावर शाईने नकाशे उतरवायच्या आणि चाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या. माऊस कायम असा धरायच्या की तो निसटून पळणार आहे. वडील विदर्भातून इथल्या कारखान्यात कामाला आलेले, घर बौद्ध. आमचं घराणं इथलं जुनं, मराठ्यांच्या चाकरीत आलेलं. ही गोष्ट आमच्या घरात जेवताना, झोपताना, लग्नं ठरवताना सतत कानावर पडते. बटण ताईंना मिळालं हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय तिचं?" मी सांगितलं. आई म्हणाली, "अच्छा," आणि पोळी लाटायला लागली. त्या 'अच्छा'ने मला जरा बरं वाटलं, हे लिहायची आज लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

आता ताईंच्या कामाची तऱ्हा सांगतो. जगात सगळे नकाशा टाकीपासून तपासतात. टाकी, मग मोठा पाइप, मग लहान पाइप, मग नळ. ताई उलट्या जायच्या. शेवटच्या घरच्या नळावर बोट ठेवायच्या आणि पडद्यावर बोट सरकवत टाकीपर्यंत मागे यायच्या, तेही मोठ्याने बोलत. "ही बाई नळ उघडते. पाणी कुठून आलं? इथून. इथं कुठून आलं? अच्छा, इथून." मी एकदा वैतागून विचारलं की हा उलटा प्रवास कशासाठी. म्हणाल्या, "पाणी टाकीतून येते, तक्रार नळातून येते. आपल्याला कोणाला उत्तर द्यायचं आहे?" मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.

पडदा त्यांच्या बोटांच्या ठशांनी कायम बरबटलेला असायचा. पायात पांढरे स्पोर्ट शूज, अंगावर सुती साडी आणि हातात एक लांब काळी छत्री, उन्हाळा असो की थंडी. त्या छत्रीच्या दांडीवर लाल नेलपॉलिशने फुटांच्या खुणा केलेल्या होत्या. गावात गेल्या की छत्री जमिनीत रोवून खड्ड्याची खोली बघायच्या. माझ्याकडे लेझरने अंतर मोजायचं यंत्र होतं. ते यंत्र बघायला गावात कुणी यायचं नाही, छत्री बघायला अख्खं गाव जमायचं.

लवकर झालेल्या कामाचा त्यांना संशय यायचा. एका दिवसात पूर्ण झालेलं व्हर्जन त्या न उघडताच परत पाठवायच्या आणि शेरा लिहायच्या, "दोन दिवस ठेवा. नंतर स्वतःच पाहा." माझी तशी चार व्हर्जनं परत आली. चौथ्यात दोन दिवसांनी मलाच चूक सापडली आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. नामंजूर झालेली व्हर्जनं तर त्या पुसूच द्यायच्या नाहीत. शनिवारी दुपारी काम कमी असलं की एखादं जुनं, रद्द झालेलं व्हर्जन उघडून बघत बसायच्या. मी म्हणायचो, "ताई, जागा अडते सर्व्हरवर." त्या म्हणायच्या, "अडू दे नं. ज्यानं काढलं त्यानं मन लावून काढलं."

एकदा त्या आमच्या घरी आल्या. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की हिंदी. मी सांगून थकलो, आजी रागावून थकली. ताईंनी तिला विचारलं, "काय करून राहिली ग?" आणि पोरगी म्हणाली, "चित्र काढून राहिली." पुढे अर्धा तास दोघी मराठीत बोलत होत्या. आई स्वयंपाकघरातून पुन्हापुन्हा डोकावून बघत होती. ताई गेल्यावर मी मुलीला मराठीत काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "पापा, अभी नहीं."

तर अशा बाई. त्यांचं सगळ्यात विचित्र काम अजून सांगायचं आहे आणि पुढचं सगळं त्यावरच घडलं.

दोन माणसं दोन वेगळ्या व्हर्जनमध्ये एकाच वस्तूला हात लावतात, असं होतं. एकाने व्हॉल्व्ह रस्त्याच्या डावीकडे सरकवला, दुसऱ्याने उजवीकडे. मिसळायच्या वेळी सिस्टम थांबतं, दोन्ही दाखवतं आणि विचारतं, कुणाचं ठेवू? याला ऑफिसात सगळे टक्कर म्हणायचे. मी लिहिलेला नियम सोपा होता: मंजुरी देणाऱ्याने ठरवावं. ताईंनी तो पहिल्याच महिन्यात बदलला. टक्कर झाली की त्या दोघांनाही पडद्यासमोर बसवायच्या. बाकीचे मागे खुर्च्या ओढून बसायचे. आणि मग ताई सांगायच्या, "तू याची बाजू मांड. अन् तू त्याची."

म्हणजे ज्याने व्हॉल्व्ह डावीकडे ठेवला त्याने तो उजवीकडेच कसा हवा हे पटवून द्यायचं, आणि दुसऱ्याने उलट. ऐकणाऱ्यांनी हात वर करून निकाल द्यायचा आणि ताईंनी तसं बटण दाबायचं. मला हा पोरखेळ वाटला होता. पण पहिल्याच टक्करीत, जे दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांतला एक दुसऱ्याची बाजू मांडता मांडता मधेच थांबला आणि म्हणाला, "अरे, सही तो यही है." त्यानंतर साहेब पाहुण्यांना हा प्रकार दाखवायला घेऊन येऊ लागले. मी बसवलेल्या पायऱ्या दाखवायला त्यांनी कधी कुणाला आणलं नाही.

मग आलं जिल्ह्यातल्या कुंडमकडच्या सात गावांचं काम. डिझाइन माझं. कुंडम ओलांडलं की सालवृक्षांचं जंगल लागतं आणि त्या जंगलातच एका गावाचा एक टोला होता. टोला म्हणजे गावापासून सुटी पडलेली वस्ती. हा टोला जरा उंचवट्यावर, मोकळ्यावर, वीसेक घरांचा. टाकी थोडी लांब, झाडीत, जमिनीवर. पाण्याने टाकीतून आपोआप उतरत टोल्यापर्यंत जावं, अशी माझी योजना. सगळ्या उंच्या मी उपग्रहाच्या मापांवरून घेतल्या होत्या. त्या मापाप्रमाणे टाकी टोल्यापेक्षा नऊ मीटर वर होती. नकाशात पाणी झकास वाहत होतं.

ताईंना तिथली उंची पटेना. त्यांनी बडा फुहाऱ्याजवळच्या बाजारातल्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी आणली. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली नळी वापरतात, तीच. ती घेऊन त्या टोल्यात गेल्या. टोल्यातल्या दोन बायकांना नळीची टोकं धरायला दिली आणि टाकीच्या जागेपासून टोल्यापर्यंत पाऊण किलोमीटर, नळीच्या लांबीएवढे टप्पे घेत, दोन दिवस मोजत गेल्या. माप निघालं ते असं: टाकी टोल्याच्या वर नाहीच, दोन मीटर खाली आहे. म्हणजे पाणी चढणारच नाही. त्यांनी ती उंची स्वतःच्या एका छोट्या व्हर्जनमध्ये भरली. माझं मोठं व्हर्जन मंजुरीला आलं आणि टाकीच्या त्या एका बिंदूवर टक्कर झाली. माझ्या नकाशाची आणि ताईंच्या.

सगळे म्हणाले, यात तुम्हीच एक बाजू आहात, साहेबांनाच ठरवू द्या. ताई म्हणाल्या, "काहून? नियम म्हणजे नियम." दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची वेळ ठरली.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी एकटाच बसून ताईंचे सर्वेचे फोटो उघडले. फोटोत टाकीची जागा दिसत होती आणि तिच्यावर सालाची उंचच उंच झाडं. ते बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला. उपग्रह वरून बघतो. दाट जंगलात त्याला जमीन दिसत नाही, शेंडे दिसतात. त्याने झाडांच्या शेंड्यांची उंची टाकीची म्हणून दिली होती. टोला मोकळ्यावर, म्हणून त्याची उंची बरोबर आलेली. मी खात्री करायला जुन्या सर्वेच्या नकाशावर जवळचा सरकारी दगड शोधला, ज्याची खरी उंची मोजून नोंदलेली असते, आणि तिथून हिशेब केला. ताईंचं नळीचं माप जवळजवळ तंतोतंत जुळलं. अडीच वाजले होते. म्हणजे तीन वाजता त्या खुर्चीत बसताना मला सगळं माहीत होतं.

आधी ताई बोलल्या. माझ्या बाजूने. आणि काय बोलल्या! सात गावांच्या सगळ्या उंच्या एकाच मापाने घेतल्या आहेत, त्यात एकच बिंदू हाताने मोजून घुसवला तर सगळ्यांचा मेळ बिघडेल. नळीचं माप भिंतीपुरतं ठीक, जंगलात पाऊण किलोमीटर नेलं तर प्रत्येक टप्प्याला बोटभर चूक होते आणि चुका साठत जातात. धरणाऱ्या बायका पहिल्यांदाच धरत होत्या. मी स्वतः माझी बाजू इतकी चांगली कधीच मांडू शकलो नसतो. मागे बसलेले माना डोलवत होते. या बाईला माझं म्हणणंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं!

मग माझी पाळी आली. मला झाडं सांगायची होती, शेंडे सांगायचे होते, दगडाचा हिशेब सांगायचा होता. तीन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "ताई स्वतः तिथे गेल्या होत्या. मेहनतीने माप घेतलंय त्यांनी. बरोबर असू शकतं." आणि गप्प बसलो.

ताईंनी मला विचारलं, "आणखी काही बोलायचं आहे?"

"नाही," मी म्हणालो.

त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "चलो, हात वर करा." सगळे हात माझ्या नकाशाला मिळाले. ताईंनी बटण दाबलं. मी सहा वर्षांत त्यांच्याविरुद्ध एवढी एकच टक्कर जिंकलो. घरी जाताना मिठाई घेतली आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं ते सुचेना, म्हणून म्हटलं, सहजच.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात नळ सुरू झाले. सहा गावांत पाणी आलं, सातव्यातही आलं, टोल्यात नाही. टाकी भरलेली, पाइप जोडलेले, व्हॉल्व्ह उघडे आणि नळाला थेंब नाही. टोल्यातल्या बायका पुन्हा झिरियावर, म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेल्या खड्ड्यावर, वाट्या घेऊन बसल्या. ज्यांनी काम दिलं होतं त्यांचं पत्र आलं: चूक कुणाची ते कळवा.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून त्या व्हर्जनचा इतिहास उघडला. माझ्या सिस्टममध्ये सगळं नोंदलेलं असतं, कुणी काय बदललं, कुणी पुढे ढकललं, कुणी मंजूर केलं. टक्कर झाली होती, सर्वांनी ऐकलं होतं आणि खाली मंजुरीपुढे ताईंचं नाव होतं. कोण काय माहीत असून बोललं नाही, याची जागा मी सिस्टममध्ये ठेवली नव्हती.

ताई म्हणाल्या, "मंज़ूरी मेरी है, साहब."

साहेबांनी मान खाली घातली. त्याच संध्याकाळी मंजुरीचं बटण माझ्याकडे आलं आणि ताई पहिल्या पायरीवर, सर्वेवर गेल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चांगला आठवडाभर झाला. फक्त तो आनंद कुणाला दाखवायला गेलो की समोरचा म्हणायचा, दीदींचं मन किती मोठं. मग तोही आनंद आंबून जायचा.

चूक सुधारायचं नवं व्हर्जन करायचं होतं, म्हणून ताई आणि मी टोल्यात गेलो. पोचताच बायकांनी गराडा घातला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. त्यांची सगळी दीदी. नळीचं टोक धरणारी एक बाई पुढे आली. ती रागावलेली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. ती ताईंना म्हणाली, "हमने तो नाप के दिया था न, दीदी? दो दिन खड़े रहे. हमारा नापा हुआ किसने मिटाया?"

मी ताईंच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो.

"मैंने," ताई म्हणाल्या.

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा हंडा नीट केला आणि नाल्याकडे उतरली. आम्ही दिवसभर मोजणी केली. कुणी नळी धरायला आलं नाही. आमच्या ड्रायव्हरने एक टोक धरलं, मी दुसरं.

परतताना कुंडमच्या बस स्टँडवर चहाला थांबलो. चार वाजले असतील. ड्रायव्हर टायर बघायला गेला. सव्वा वर्ष मी ही गोष्ट पोटात ठेवली होती. त्या बाईने विचारलेला प्रश्न कानातून जात नव्हता. मी बोलून टाकलं.

"ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"तुमचं माप बरोबर होतं ते. त्या दिवशी बसायच्या आधीच मी ताळा करून पाहिला होता. झाडांमुळे माझी उंची चुकली होती. मी मुद्दाम बोललो नाही."

ताईंनी चहावर फुंकर मारली. "हो. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच नं. एवढा हुशार माणूस तू. अन् माझ्या बाजूनं बोलायला तुला दोन वाक्यं सापडून नव्हती राहिली. मी काय आंधळी आहे?"

मी विचारलं, "मग बटण का दाबलंत?"

ताईंनी छत्रीच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाल्या, "मला वाटलं तू बोलशील. म्हणून तुला विचारलं, आणखी काही आहे का. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं मी. तू नाही बोलला. मग मला राग आला. म्हटलं, घे. होऊन जाऊ दे याच्याच मनासारखं. पाणी नाही चढलं की समजेल याला." त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. "तुला धडा शिकवायला मी त्या बायांचं पाणी डावावर लावलं रे. तू तर नुसतं तोंड बंद ठेवलं. बटण मी दाबलं. माहीत असून दाबलं."

"पण तुम्ही साहेबांसमोर माझं नाव घेतलं नाहीत."

"तुला वाचवायला नाही. मंजुरी माझीच होती, म्हणून."

"मी साहेबांना सांगू?"

"सांग. पण दोघांचं सांग. एकट्याचं सांगशील तर तेही अर्धंच होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. मी दहा मिनिटं बोललो. झाडं, शेंडे, दगड, माझा मत्सर, सगळं. मत्सर हा शब्द हिंदीत दोनदा म्हणावा लागला. ताई दोनच वाक्यं बोलल्या. साहेब त्यांच्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी मंजुरीचं बटण माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. पत्राचं उत्तर नव्याने लिहिलं, त्यात आमची दोघांची नावं घातली. आधी ताईंचं.

टोल्यासाठी पाणी वर चढवायला छोटा पंप आणि वर वेगळी टाकी, असं नवं व्हर्जन मंजूर झालं. दिवाळीपर्यंत तिथे पाणी आलं. त्यानंतर वर्षभराने ताईंनी नोकरी सोडली. आता त्या कुंडमकडच्या गावांमध्ये बायकांना टाकी आणि व्हॉल्व्ह सांभाळायला शिकवतात, असं ऐकतो. टोल्यातल्या बायकांनी त्यांना माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी परत तिथे गेलो नाही. ताई जातात म्हणे, दर महिन्याला.

लोक आजही मला त्यांच्याबद्दल विचारतात आणि मी चांगलंच बोलतो. त्यांची हुशारी, त्यांचे भक्त, मंजुरीचं बटण, माझ्या मुलीचं मराठी, या सगळ्याचा मला कधीकाळी हेवा वाटला, तो वयाबरोबर बराच निवला. एक मात्र निवत नाही. सहा वर्षांत माझ्याजवळ ताईंकडे नसलेली एकच गोष्ट होती, ते पाप. सव्वा वर्ष मी ते एकट्याने वागवलं, त्यापायी झोप घालवली. शेवटी कुंडमच्या बाकावर काढून त्यांच्यापुढे ठेवलं, तर ते त्यांच्याकडे आधीपासूनच होतं आणि माझ्यापेक्षा मोठं होतं. एवढं एक तरी माझं एकट्याचं असेल, असं मला वाटलं होतं.